शैला, तुझं पान उघडं आहे

शैला,

परवा तुझ्या ब्लॉगवर एकाने लिहिलं, "बाई गप्प का? अमेरिकेवर तोंडसुख घेऊन झालं, की मुलाने दम भरला?" हा तोच, टोपणनावाचा, जो वर्षानुवर्षं तुला शिव्या घालायचा आणि ज्याला तू दर वेळी "नमस्कार" करून उत्तर द्यायचीस. हॉस्पिटलात तू मला पासवर्ड सांगितलास. "काही करायचं नाही, नुसतं बघत जा," म्हणालीस. म्हणून मी बघते. त्याला काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं, "शैलाताई वारल्या. मी त्यांची मैत्रीण, वासंती."

थोड्या वेळाने त्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्याखाली लिहिलं, "वाईट वाटलं. खरंच. पण अफगाणिस्तानबद्दल त्या चुकत होत्या, ते आहेच."

मी गॅस बंद केला, ओट्याला टेकून हसले, आणि मग जे रडू आलं ते थांबेना. तुला केवढा आनंद झाला असता! "बघ," म्हणाली असतीस, "मी मेले म्हणून याने मत नाही बदललं. भला माणूस आहे."

आपली ओळख झाली तेव्हा गिरण्यांचा संप चालू होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तू आणि मी शेजारी शेजारी, कानाला हेडफोन, समोर बोर्ड. कुणाला नागपूर पाहिजे, कुणाला दुबई. मी वरळीच्या कोळीवाड्यातली, तू परळच्या चाळीतली. तुझे बाबा गिरणीत साचेखात्यात, मागावर होते, म्हणजे तेव्हा नव्हतेच, घरी होते, आणि सगळं घर तुझ्या पगारावर. डबा उघडलास की आधी माझ्यापुढे करायचीस आणि माझ्या डब्यातल्या सुक्या बोंबलाकडे बघायचीही नाहीस. मग मीच तुझ्या भातावर वाढायची. तू "अगं, नको" म्हणायचीस आणि सगळं संपवायचीस.

एकदा कामाची पाळी संपल्यावर मी तुझ्याबरोबर तुझ्या चाळीत आले. नाक्यावर फळा होता. त्यावर खडूने तुझं वळणदार अक्षर. रेडिओ रोज सांगायचा की गिरण्या हळूहळू पूर्ववत होताहेत. तू फळ्यावर लिहायचीस की कुठल्या गिरणीत खरोखर किती माणसं आत गेली, कुणाला पोलिसांनी उचललं, कुणाच्या घरी कोण आजारी आहे. त्या दिवशी तुझ्या मजकुराखाली कुणीतरी वाकड्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, "खोटं आहे. पोरं उपाशी मारताय." तुझे बाबा संतापले होते. "पूस ते आधी!"

"बाबा, फळा काय आपल्या घरचा आहे? नाक्याचा आहे," तू म्हणालीस. "त्याला वाटतं ते त्याने लिहिलं."

आणि त्याच्याखाली तू त्याला उत्तर लिहिलंस. मी बघतच राहिले. आमच्याकडे भांडण म्हणजे आवाज चढवायचा आणि ज्याचा आवाज मोठा तो जिंकला. लिहून भांडणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

संप संपला असं कुणी कधी सांगितलंच नाही. तुझे बाबा पुन्हा कामावर गेले नाहीत. फळा मात्र बरीच वर्षं होता.

आपलं पहिलं मोठं भांडण कुवेतवरून झालं. माझा धाकटा भाऊ मोहन तिथे क्रेनवर होता. इराकने कुवेत घेतलं आणि फोन बंद. आई दिवसभर मासळीची पाटी पुढ्यात घेऊन बाजारात बसायची आणि संध्याकाळी मला एकच विचारायची, "लागला काय गो फोन?" मी नसेन त्या पाळीतही तू लाइन लावून बघायचीस. सुपरवायझर ओरडल्या तरी पुन्हा लावायचीस. मोहन शेवटी वाळवंटातून जॉर्डनला पोचला आणि तिथून विमानाने घरी आला. गालफडं बसलेली, पण जिवंत.

पुढे अमेरिकेने हल्ला केला तेव्हा मी कँटीनमध्ये मोठ्याने म्हणाले, "बरं झालं! चांगली जिरवली."

तू चहाचा ग्लास खाली ठेवलास. "कुणाची जिरवली? बगदादमधल्या ऑपरेटर बायकांची?"

"माझा भाऊ मरता मरता वाचलाय, शैला."

"तुझा भाऊ घरी आला तेव्हा त्यांचं एक विमानही उडालं नव्हतं. त्याला आपली विमानं घेऊन आली. बॉम्ब न टाकता."

"आणि त्याची नोकरी? कुवेत सुटलं नसतं तर तो परत कामावर गेला असता?"

तू ग्लास तसाच ठेवून बोर्डाकडे निघून गेलीस. नंतर आठवडाभर आपण शेजारी बसून सगळ्या जगाशी बोललो, एकमेकींशी नाही. मग एका दुपारी तुझा डबा माझ्यापुढे आला. तुझं म्हणणं खरं होतं. माझंही खरं होतं. मोहनने त्याच कुवेतच्या पगारावर घर बांधलं, मुलं शिकवली. हे मी तुला पुढे कितीतरी वेळा ऐकवलं आणि तू दर वेळी म्हणालीस, "हो गं, पण."

मग बोर्ड गेले. सगळं आपोआप लागायला लागलं आणि आपण दोघी फायली इकडून तिकडे करायला बसलो. तुझे यजमान, अशोकभाऊजी, वारले. तुझा मुलगा सिद्धू कॉलेजात होता. तू स्वेच्छानिवृत्ती घेतलीस तेव्हा मला वाटलं, आता ही खचणार. तर सिद्धूने तुला कॉम्प्युटर आणून दिला. मराठी टाइप करायला शिकलीस आणि त्याच सुमारास अमेरिकेने इराकवर दुसऱ्यांदा फौजा घातल्या. तू लिहायला बसलीस.

मी म्हणाले, "परळच्या चाळीतली बाई अमेरिकेबद्दल काय लिहिते म्हणून कोण वाचणार आहे?"

"कुणी नाही वाचलं तरी लिहून ठेवायचं. संपात आपल्याबद्दल दुसरेच सांगत होते ना, काय चाललंय ते? आता त्या लोकांबद्दलही दुसरेच सांगतायत."

आधी मीच वाचायची, आणि तुझी एक चुलत बहीण. मग माणसं येऊ लागली. तू प्रत्येक लेखाखाली खरं नाव लिहायचीस, आणि नावाखाली "परळ, मुंबई". कुणीही येऊन खाली काहीही लिहावं. तुला कुणी "पाकिस्तानात जा" म्हणालं, कुणी तुझी जात काढली. ती ओळ मी वाचली आणि तडक तुझ्याकडे आले. "काढून टाक ना ती," मी म्हणाले.

"का काढू? त्याने लिहिलंय, त्याचं त्याला दिसू दे. मी काढली तर तो म्हणेल, मी असं बोललोच नव्हतो."

तू अमेरिकेचा द्वेष करायचीस असं पुष्कळांना वाटलं. त्यांनी तुला निवडणुकीच्या सकाळी बघायला हवं होतं. तिथे रात्र, इथे उजाडलेलं, आणि तू टीव्हीपुढे बसून एकेका राज्याचा निकाल लिहून घेतेयस, जशी काही तुझी भाची उभी आहे. युद्ध थांबवीन म्हणणारा निवडून आला तेव्हा तू चाळीत पेढे वाटलेस. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "कोण पास झालं गं?" तू म्हणालीस, "एक पोरगा झालाय, काकू. हुशार आहे."

युद्ध थांबलं नाही. वर्षभराने तू लिहिलंस, "गोड बोलणारा येवो की तोंडाळ, विमानं तीच उडतात. माझे पेढे मला परत द्या." तो लेख लोकांनी सगळ्यात जास्त वाचला. अमेरिकेतल्या कुठल्याशा शहरात राहणारा, युद्धावर जाऊन आलेला एक माजी सैनिक मोडक्या हिंदीत इंग्रजी मिसळून तुझ्याशी बोलायला लागला. कुणीतरी त्याला भाषांतर करून दिलं असणार. "बघ वासू," तू मला दाखवलंस, "हा माणूस स्वतःच्या सरकारला उघड शिव्या देतोय आणि खाली स्वतःचं नाव लिहितोय. हा देश मला आवडतो. त्याची फौज नाही."

आणि मग सिद्धू त्या फौजेत गेला.

मी तोवर माटुंग्याला राहायला गेले होते; त्या सकाळी कोलंबी सोलत होते. तू माटुंग्याला माझ्या घरी फोन न करता आलीस, चप्पल न काढता आत आलीस. असं तू कधी केलं नव्हतंस.

"सिद्धू फौजेत गेला," तू म्हणालीस. "त्यांच्या."

तो अमेरिकेत शिकायला गेला होता; शिक्षण संपलं होतं, नोकऱ्या नव्हत्या, व्हिसा संपत आला होता. हिंदी-उर्दू येणाऱ्या मुलांना ते घेत होते, आणि घेतलं की नागरिकत्व लवकर मिळत होतं. त्याने आधी सही केली, मग तुला फोन केला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, आई, इथे युनिफॉर्म घातला की मला कुणी माझी जात विचारत नाही."

तू माझ्यासमोर बसलीस, ताटातली कोलंबी ओढलीस आणि सोलायला लागलीस. बऱ्याच वेळाने म्हणालीस, "मी त्याला म्हणाले, आणि बंदूक ज्यांच्यावर धरणार, त्यांना काय विचारतात रे? त्याने फोन ठेवला."

मला वाटलं, आता तरी तू लिहिणं थांबवशील. तू दुसऱ्याच आठवड्यात लिहिलंस, "माझा मुलगा अमेरिकेच्या सैन्यात आहे. मी त्या युद्धाच्या विरोधात आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला दोन्ही लपवायच्या नाहीत."

तेव्हा जे काहूर उठलं ते मी अजून विसरले नाही. ढोंगी बाई, पोराच्या डॉलरवर जगते आणि भाषण ठोकते. पोराला तालिबानने पकडलं की कळेल. सगळ्यात वाईट माणूस आपल्यातलाच निघाला, तिथे स्थायिक झालेला. त्याने लिहिलं की हे सगळं इंग्रजीत करून मी सिद्धार्थच्या वरिष्ठांना पाठवतोय.

त्या रविवारी सिद्धूचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तुझ्याच घरी होते. पडद्यावर त्याचं भादरलेलं डोकं, पाठीमागे पांढरी भिंत.

"आई, ते काढ."

"कुठलं?"

"माझ्याबद्दलचं. सगळंच काढ खरं तर. इथे चौकशी करतात, आई. घरचे काय बोलतात, सगळं बघतात."

"तुझ्या देशात बोलायची मुभा आहे ना? घटनेत लिहिलंय म्हणतात."

"मला आहे का, ते विचार ना!" तो ओरडला. "तू परळात बसून बोलतेस. इथे मी आहे!"

मी मध्ये पडले. "शैला, काढ गं. पोराच्या जिवापुढे ब्लॉग काय घेऊन बसलीस?" तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. मी त्याच्या बाजूने बोलले याचं तुला बरंच वाटलं असावं, कारण कुणीतरी ते बोलायला हवं होतं आणि तुला ते जमत नव्हतं.

तू काढलं नाहीस. पण त्याला अफगाणिस्तानात पाठवल्याचं कळलं त्या दिवशी पानावर एवढंच लिहिलंस, "मुलगा तिथे आहे. तो परत येईपर्यंत मी लिहिणार नाही. मत बदललेलं नाही." खाली लोकांना लिहायची जागा तशीच ठेवलीस. जो पाठवतो म्हणाला होता त्याने खरंच काही पाठवलं की नाही, ते कधी कळलं नाही.

ते महिने आपण रोज संध्याकाळी माटुंग्याच्या बागांमधून चालायचो. फोन तुझ्या हातात. सिद्धूचा निरोप यायचा, "ओके आई". कधी दिवस दिवस यायचा नाही. तू त्याला लिहायचीस की पाणी आलं नाही, चिंचपोकळीच्या मामींचं ऑपरेशन झालं, वासूमावशीने सुरमई पाठवली होती. त्याच्याशी तू कधी नव्हे एवढं बोलायला लागली होतीस, आणि एक गोष्ट सोडून सगळं बोलत होतीस.

"विचार त्याला," मी एकदा म्हणाले.

"काय?"

"तुला माहीत आहे काय. तिथे नक्की काय करावं लागतं त्याला. कुणावर गोळी..."

तू चालता चालता थांबलीस. एवढं सगळं उघड बोलणारी तू. माझा हात धरून म्हणालीस, "भीती वाटते, वासू. तो खरं सांगेल."

तो परत आला, पुढे सैन्यातून बाहेरही पडला, लग्न केलं, मुलगी झाली. तू पुन्हा लिहायला लागलीस, आधीपेक्षा धारदार. अमेरिका काबूल सोडून गेली आणि विमानतळावर माणसं विमानामागे धावताना दिसली तेव्हा सगळ्यांना वाटलं, तू "मी सांगितलं होतं" म्हणशील. तू लिहिलंस, "आज मला बरोबर ठरल्याचा आनंद होत नाही." सिद्धू दर वर्षी यायचा. तुम्ही दोघं त्याच्या मुलीच्या दातांबद्दल बोलायचात, शाळेबद्दल, चाळीच्या पुनर्बांधणीबद्दल. तो प्रश्न तसाच राहिला. मी परत कधी विषय काढला नाही.

हॉस्पिटलात तो पोचला तेव्हा तुला बोलायला त्रास होत होता. तू त्याच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "केस वाढवलेस. बरं केलंस." मला वाटतं, ते शेवटचं नीट वाक्य.

विहारातला कार्यक्रम झाला. त्रिशरण-पंचशील म्हणताना सिद्धूचा आवाज सगळ्यात मोठा होता, एकही शब्द विसरला नव्हता. संध्याकाळी तो माझ्याकडे जेवायला आला. भात कालवला आणि तसाच ठेवून म्हणाला, "मावशी, आईने मला कधी विचारलं नाही."

मी म्हणाले, "तिला विचारायचं होतं रे."

"मी वाट बघायचो. दर वर्षी यायचो तेव्हा वाटायचं, या वेळी विचारेल."

शैला, तुला भीती होती तो खरं सांगेल याची. तो वाट बघत होता तू विचारण्याची. इतकी वर्षं, एकाच घरात, समोरासमोर बसून.

मग त्याने मला सांगितलं. मी हे इथे लिहिते आहे ते त्याला विचारून.

त्याने कुणावर गोळी झाडली नाही. त्याचं काम बोलण्याचं होतं. पेशावरला निर्वासित म्हणून राहून आलेल्या अफगाण माणसांना उर्दू येतं, म्हणून त्यांच्याशी बोलायला त्याला पुढे करायचे. एका गावात एक म्हातारा आला. त्याच्या मुलाला आदल्या दिवशी पकडून नेलं होतं. सिद्धूने बोलायला सुरुवात केली तसं म्हाताऱ्याने विचारलं, "कुठला तू?" सिद्धू म्हणाला, "बंबई." म्हातारा एवढा खूश झाला की त्याने सिद्धूचे दोन्ही हात धरले. म्हणाला, म्हणजे आपल्यातलाच आहेस, तू खोटं सांगणार नाहीस. अधिकारी म्हणाला, सांग याला, मुलगा उद्या घरी येईल. सिद्धूला माहीत होतं की तो उद्या येणार नाही. त्या मुलाला दुसरीकडे हलवायचं सिद्धूसमोरच ठरलं होतं.

"मी सांगितलं, मावशी. कल आ जाएगा, बाबा. एक शब्द बदलला नाही. खोट्याचं अगदी खरं भाषांतर केलं."

म्हातारा त्याला दुवा देत गेला. पुढचे काही दिवस रोज त्यांच्या तळाच्या फाटकापाशी येऊन बसायचा. मग त्यांची तुकडी हलली.

मी त्याच्या भातावर कालवण वाढलं आणि म्हणाले, "जेव." त्याने थोडं खाल्लं. मग विचारलं, "आईने हे ऐकलं असतं तर काय म्हणाली असती?"

मला तुझ्यासारखं बोलता येत नाही. पण इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसले आहे. "आधी रडली असती," मी म्हणाले. "तुला जवळ घेतलं असतं. आणि सकाळी चहा देताना म्हणाली असती, हे लिही. तुझं नाव घालून लिही."

"मराठीत लिहू?"

"कशातही लिही. पान उघडं आहे."

परत जाण्याआधी त्याने अर्धं लिहून मला दाखवलं. ऱ्हस्व-दीर्घ सगळे चुकलेले. म्हातारा हात धरतो तिथे येऊन थांबलाय. पुढचं लिहवत नाही म्हणतो. तू असतीस तर थांबली असतीस, त्याचा तो लिहील म्हणून. मी थांबणार नाही, शैला. थांबून काय होतं ते मी बघितलं. दर रविवारी फोन करते आणि विचारते, "पुढे काय झालं? लिहिलंस का?"

गेल्या रविवारी वैतागून म्हणाला, "मावशी, आई परवडली."

मी म्हणाले, "मग सांग. फाटकापाशी तो म्हातारा कुठे बसायचा?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता फोन ठेवणार. मग तो सांगायला लागला.